खंडेनवमीचं उघडं सेशन

आमच्या कारखान्यात सेशनच्या भांडणाला सगळे 'सवत' म्हणतात. एकानं उघडून ठेवलेली नोंद दुसऱ्यानं उघडायला घेतली की स्क्रीनवर लाल पट्टी येते, 'ही नोंद दुसऱ्या सेशनमध्ये उघडी आहे', आणि डिस्पॅचचे अण्णा जागेवरूनच ओरडतात, "मॅडम, सवत आली बघा!" हे नाव त्यांनीच पाडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फणकारले होते. पण सॉफ्टवेअर कंपनीच्या जाडजूड पुस्तकात या एररबद्दल जे पानभर लिहिलंय ते या एका शब्दात कळतं, त्यामुळे आता मीही फोनवर विचारते, "सवत कुठल्या मशीनवरची?"

बेळगावजवळ मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना आहे. खरेदीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं काम एकाच सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते सॉफ्टवेअर मी सांभाळते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडणाऱ्या बाईची मी मुलगी. शिकले, बेळगावात आले, इथं टिकले, आणि माझं काम मला येतं. हे सांगताना मी लाजत बसत नाही. लाजायला वेळ मिळाला असता तर इथवर पोचलेच नसते.

सवत आली की मी आधी माणसाकडे बघते, मशीनकडे नंतर. कुणी मोबाईलवर लॉगिन करून तसंच खिशात टाकलेलं असतं. कुणी शेजाऱ्याला पासवर्ड दिलेला असतो आणि दोघंही देवाशपथ नाही म्हणतात. लाईट जाऊन कम्प्युटर बंद पडलेला असतो, आणि सर्व्हरला वाटत असतं की माणूस अजून बसलाय. सर्व्हरवर एक पान आहे, त्यात कोण कुठल्या मशीनवर बसलंय ते दिसतं. प्रत्येक नावापुढं लाल फुली. फुली दाबली की ते सेशन मेलं. सगळ्यांना ती फुली फार आवडते. "मारून टाका की मॅडम," असं म्हणायला कुणाचं काय जातं? पण समोरच्यानं सेव्ह न केलेलं सगळं त्या फुलीबरोबर जातं, म्हणून विचारल्याशिवाय मी कुणाचं सेशन मारत नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला माझी ही अट कसाला लागली.

आमच्या भागात खंडेनवमीला कारखाने असे सजतात की घरची लग्नं फिकी पडावीत. लेथपासून पाना-पकडीपर्यंत सगळं धुऊनपुसून हळदी-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, दारात कोहळा फोडतात, चुरमुरे-बत्तासे वाटतात. एकदा पूजा झाली की त्या हत्याराला दसऱ्याच्या पूजेपर्यंत कुणी हात लावत नाही. कम्प्युटर कारखान्यात आले तेव्हा ते हत्यार की कागदपत्र यावर म्हणे बरीच चर्चा झाली होती, आणि शेवटी हत्यार ठरलं.

मी या सगळ्यात नसते. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर बौद्ध. दसरा हा आमच्याकडं दीक्षेचा दिवस, त्या दिवशी मी पांढरी साडी नेसून निपाणीला आईबरोबर विहारात असते. खंडेनवमीला मी सर्व्हरच्या खोलीत काम करत बसते. कुणी ताट घेऊन आलं तर हसून नको म्हणते, तेही हसून पुढं जातात. इतकी वर्षं हे सुरळीत चाललंय.

त्या दुपारी पूजा उरकली होती आणि अर्धे लोक घरी गेले होते. एक ट्रक तेवढा जायचा होता. ट्रकची पूजा झालेली, चाकाखाली लिंबं ठेवलेली, माल भरलेला. गाडीचे कागद निघेपर्यंत डिस्पॅचचा कम्प्युटर चालू ठेवायचा आणि मग त्याला माळ घालायची अशी पद्धत. अण्णांनी कागद काढायला घेतले आणि लाल पट्टी आली.

"मॅडम, सवत!"

मी सर्व्हरवर पाहिलं. स्टोअर्सच्या मशीनवर आक्कांचं सेशन सकाळपासून उघडं होतं, आणि त्यात वार्षिक मोजणीची नोंद उघडी. मोजणी उघडी असली की स्टोअर्समधल्या एकाही वस्तूची जावक करता येत नाही. नियम बरोबरच आहे, मोजता मोजता माल हलला तर मोजण्यात अर्थ काय? पण स्टोअर्सची पूजा तर सगळ्यांत आधी झाली होती, आणि आक्का पिशवी घेऊन गावाकडं निघालेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या.

आक्का म्हणजे आमच्या स्टोअर्सच्या प्रमुख. जांबोटीकडच्या, भातशेतीतल्या घरातल्या. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे ते त्या डोळे मिटून सांगतील, पण कम्प्युटरशी त्यांचं वाकडं. त्या वर्षी साहेबांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, की यंदाची मोजणी दसऱ्यापर्यंत स्टोअर्सनं स्वतः सॉफ्टवेअरमध्ये भरली पाहिजे, नाहीतर स्टोअर्सचा कारभार बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसकडं जाईल आणि आक्का पॅकिंगला. पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायची असतात. आक्का माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "मला शिकीव." आधी त्यांचा हात माऊसवर ठेवून वर माझा हात ठेवावा लागायचा, इतका तो थरथरायचा. मग एका बोटानं टाईप करायला लागल्या. त्यांना वेळ लागतो म्हणून स्टोअर्सच्या सेशनची मुदत मीच वाढवून दिली होती. दुसरं कुणी असतं तर थोडा वेळ हात हलला नाही की सॉफ्टवेअरनं त्याला केव्हाच बाहेर काढलं असतं.

मी स्टोअर्समध्ये गेले. कम्प्युटर नवरीसारखा नटलेला. मॉनिटरवर हळदी-कुंकवाची बोटं, भोवती झेंडूची माळ, कीबोर्डवर नवा खण अंथरलेला, माऊसवर लिंबू. स्क्रीन काळी होती, पण खालचा दिवा लुकलुकत होता. आक्कांच्या हाताखालची बाई झाडू आवरत होती, तिला विचारलं.

"सकाळी लवकर येऊन समदं भरलं की आक्कांनी," ती म्हणाली. "शेवटचं बटण तेवढं राखून ठेवलंय. दसऱ्याला सकाळच्या बसनं येऊन दाबणार हाईत. मुहूर्तावर."

मी कपाळाला हात लावला. आक्कांनी सगळी मोजणी भरली होती, आणि साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त साधायचा म्हणून 'पक्कं करा' हे बटण दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं होतं. आणि चालू कम्प्युटरची पूजा करून टाकली होती. आमच्याकडची माणसं नवी गाडी दारात उभी करून दसऱ्याची वाट बघतात, तसंच हे. चूक इतकीच, की गाडी दारात उभी राहते, सेशन राहत नाही. रोज संध्याकाळी सर्व्हर बॅकअप घेतो, आणि त्याआधी सगळी उघडी सेशन्स झाडून टाकतो. मी कितीही मुदत वाढवली असली तरी त्या झाडूपुढं कुणाचं चालत नाही. उद्या सकाळी आक्का अंघोळ करून, नवी साडी नेसून, उदबत्ती लावून बटण दाबायला बसल्या असत्या आणि समोर रिकामं पान आलं असतं.

"मोजणीच्या चिठ्ठ्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"भरून झाल्यावर साफसफाईत जाळून टाकल्या की. पूजेला कचरा कशाला ठेवायचा?"

चिठ्ठ्या नाहीत म्हणजे ती मोजणी जगात एकाच ठिकाणी होती, त्या माळ घातलेल्या काळ्या स्क्रीनच्या मागं. ती गेली तर आक्का पॅकिंगला गेल्या.

तोवर अण्णा आणि दोन-तीन माणसं दारात जमली होती. अण्णा मनानं चांगले, तोंडाला लगाम नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमीच लावा की हात. आमी कोण लावणार न्हाय. तुमच्यात चालतंय न्हवं?"

कुणी हसलं नाही, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मला ते असं लागलं की कान गरम झाले. आई ज्या वखारीत पाला निवडायची, तिथं दसऱ्याला काट्याची पूजा व्हायची. वर्षभर त्याच काट्यावर तिनं निवडलेला माल तोलला जायचा, पण पूजेच्या दिवशी तिला आणि आमच्या वस्तीतल्या बायकांना उंबऱ्याच्या बाहेर उभं करायचे. चुरमुरे वरून पदरात टाकायचे. तिच्या हातानं काटा बाटायचा, आणि आता माझा हात लागला तरी पूजेचं काही बिघडत नाही म्हणे. दोन्ही वेळा हात आमचाच, आणि त्याचं काय करायचं ते ठरवणारे दुसरेच.

"अण्णा," मी म्हटलं, "माझा हात चालतो म्हणून मी तो कुठंही लावत नाही. काम कुणाचं आहे ते बघून लावते. हे काम आक्कांचं आहे."

अण्णांचा चेहरा उतरला. "तसं न्हाय वो मॅडम," असं काहीतरी पुटपुटले. मला त्यांच्याशी भांडायला वेळ नव्हता.

शिवाय स्क्रीनला आक्कांचा पासवर्ड होता. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही, हे मीच त्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलेलं. आक्कांना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलानं गोड आवाजात सांगितलं, "सर्व वापरकर्त्यांना बाहेर काढा आणि पुन्हा प्रयत्न करा." मी म्हटलं, वा, आणि फोन ठेवला. तेवढ्यात साहेब आले.

"किल करा ना ते सेशन," साहेब म्हणाले. "गाडी थांबलीय. सणाचा दिवस आहे."

"साहेब, सेशन मारलं तर मोजणी जाईल. आक्कांनी पूर्ण भरलीय. दसऱ्याच्या आत भरलीय, तुम्ही सांगितलं तसं."

"पण पक्की कुठं केलीय?"

"करतील. मला तासभर द्या. मी त्यांना घेऊन येते."

"त्या जांबोटीला पोचल्या असतील. तिथं तर रेंजसुद्धा नसते."

"पोचल्या नाहीत," मी म्हटलं. "जांबोटीची बस वेळेवर आलेली तुम्ही कधी पाहिलीय?"

साहेब हसले आणि बरं म्हणाले. मी गाडीला किक मारली.

जांबोटीच्या फाट्यावर आक्का होत्याच. झेंडूची फुलं, ऊस आणि दोन पिशव्या यांच्यामध्ये दगडावर बसून बसची वाट बघत होत्या. फोन पिशवीच्या तळाशी, वर फुलांचा ढीग. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं मी निपाणीला निघालेय.

"आक्का, उठा. मोजणी अडकलीय."

"अडकायला काय झालं? मी समदी भरलीय. उद्या बटण दाबायचं राहिलंय फक्त."

"उद्यापर्यंत ती राहत नाही. संध्याकाळी सर्व्हर सगळं झाडून टाकतो."

आक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. मग एकदम चिडल्या. "आणि ह्ये आधी का न्हाय सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा सगळ्यांसाठी चहा सांगायला बाहेर गेला होता."

"मग परत सांगायचं न्हाय व्हय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण आवाज बसला होता. दगडावर बसल्या बसल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पूजेला बसवलंय गं ते," शेवटी म्हणाल्या. "आमच्या घरात कोयतीलासुद्धा हात लावत न्हायत आज. आणि मी कम्प्युटर उठवू?"

मी त्यांना समजावायला गेले नाही. पूजा मोडा असं मी कुणाला सांगणार नाही, आणि मोडू नका असंही नाही. मी एवढंच म्हटलं, "आक्का, ते सेशन मला माझ्या खुर्चीत बसून मारता आलं असतं. ट्रक केव्हाच गेला असता. तुम्ही ठरवा. मोजणी तुमची आहे."

तेवढ्यात लांबून बस येताना दिसली. त्या दिवशी मेली नेमकी यायची होती. आक्का उठल्या. त्यांनी बसकडं पाहिलं, मग पिशव्या उचलून माझ्या गाडीवर पुढं पायाशी ठेवल्या आणि मागं बसल्या. ऊस आडवा धरला होता, त्यामुळं येणारे जाणारे आम्हाला वाट देत होते.

स्टोअर्समध्ये आल्यावर आक्कांनी चपला काढल्या. हात धुतले. कम्प्युटरसमोर हात जोडून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या, बहुतेक माफी मागितली. मग लिंबू उचलून बाजूला ठेवलं, खणाची घडी केली, आणि एका बोटानं एक एक अक्षर शोधत पासवर्ड घातला. सगळे दारात उभे. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण पासवर्ड घालताना बघायचं नसतं. दारातल्या सगळ्यांनीही मान वळवली, अण्णांनीसुद्धा. बाकी काही शिकवता आलं नसेल मला, पण एवढं शिकवलंय.

स्क्रीन उजळली. मोजणी होती. ओळीवर ओळ, सगळी होती.

"दाबा आक्का."

आक्कांनी माऊस धरला नाही. खुर्चीवरून उठल्या. "तू दाब."

मघाचं सगळं पुन्हा माझ्या कानांशी आलं. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, दारापर्यंत जाईल असं. "का? आमच्यात चालतंय म्हणून?"

"काय चालतंय?" आक्कांना खरंच कळलं नाही. मग त्यांनी दाराकडं पाहिलं, अण्णांचा चेहरा पाहिला, आणि कळलं. "गप. कुणीतरी काहीतरी बोललंय न्हवं? चालायचं न चालायचं काय? हात तर मी लावलाच की कीबोर्डला, तुमच्या समद्यांच्या देखत." मग माझ्याकडं वळल्या. "माझा हात कापत हुता तवा वर हात कुणी ठेवला? तूच न्हवं? उद्याचा मुहूर्त गेला माझा. मग हात तरी चांगला नको का? तुझा हातगुण चांगला हाय, म्हणून म्हणते. दाब."

मी दुसऱ्याच्या सेशनमध्ये कधी काही करत नाही. तो माझा नियम मी त्या दिवशी मोडला. आक्कांनी त्यांचा मोडला होता, मग मीच शहाणी कशाला राहू? मी माऊस धरला. आक्कांनी त्यावर आपला हात ठेवला. आता थरथर माझ्या हाताला होती.

चक्र फिरत राहिलं. खूप वेळ उघड्या राहिलेल्या सेशनचा भरवसा नसतो, शेवटच्या क्षणी लाल पट्टी येऊ शकते, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. मग हिरवी पट्टी आली. 'नोंद पक्की झाली.'

अण्णा डिस्पॅचकडं पळाले. तिकडून त्यांचा आवाज आला, "निघाले कागद!" थोड्या वेळानं ट्रकच्या चाकाखाली लिंबं फुटली. साहेबांनी आक्कांना बघून नुसती मान हलवली. आक्कांना तेवढं पुरेसं होतं. त्यांचं स्टोअर्स त्यांच्याकडं राहिलं, आजही आहे, आणि आता खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्या स्वतः सगळ्यांना लॉगआउट करायला लावतात. स्टोअर्सचा कम्प्युटर बंद करूनच त्याला माळ घालतात.

मी आक्कांना परत फाट्यावर सोडलं. गाडीवरून उतरताना त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. चुरमुरे होते. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पूजेतलं न्हाय. वाटायच्या आधी पोत्यातलं येगळं काढून ठेवलतं तुझ्यासाठी. दरसाल नको म्हणून जातीस, मला दिसत न्हाय व्हय? आईला दे."

दुसऱ्या दिवशी विहारातून आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. सेशन म्हणजे काय ते तिला समजावायला वेळ लागला, पण सवत म्हटल्यावर लगेच कळलं. अण्णांचं बोलणंही सांगितलं. पुडी समोर ठेवली, तर तिनं हात लावला नाही. पूजेतले नाहीत, पोत्यातले आहेत, हेही मी सांगितलं. तरी ती पुडीकडं बघत राहिली.

"वरनं टाकलं?" तिनं विचारलं.

"नाही आई. हातात दिलं."

आईनं पुडी सोडली, मूठभर चुरमुरे घेतले आणि खायला लागली.